लंडनची पाठवणी, मुंबईचा खटला: जबानीचा कागद कुठे चालतो आणि कुठे अडतो

तुम्ही नाशिक कट खटल्यावर नाटक लिहिताय आणि तीन प्रश्नांवर अडलाय. इंग्लंडमध्ये राजकीय गुन्हेगाराला परत न पाठवण्याची प्रथा होती, मग सावरकरांचं प्रत्यार्पण कसं झालं? मुंबईत घेतलेल्या जबान्या लंडनच्या कोर्टाने उलटतपासणीशिवाय कशा मानल्या? आणि इंडिया हाउस या लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या एका स्वयंपाक्याच्या साक्षीवर जन्मठेप कशी होऊ शकते?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गाठ आहे. लंडनच्या बो स्ट्रीट कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटसमोर जे झालं आणि मुंबई हायकोर्टात जे झालं, ते तुम्ही एकाच खटल्याचे दोन अंक समजताय. ती दोन वेगळी कामं होती. पहिल्यात ‘या माणसाला तिकडे पाठवावं का’ एवढंच ठरवायचं होतं, दुसऱ्यात ‘याने गुन्हा केला का’ हे. पुराव्याचा तराजूही दोन्हीकडे वेगळा. लंडनमध्ये जो कागद पुरला, तोच कागद मुंबईत स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नव्हता. हे एकदा धरून ठेवलंत की बाकीचं उलगडत जातं.

पहिली दुरुस्ती शब्दाची. लंडन ते मुंबई ही पाठवणी कायद्याच्या भाषेत प्रत्यार्पण नव्हतीच. प्रत्यार्पण दोन सार्वभौम राज्यांमध्ये होतं. इंग्लंडचा त्यासाठीचा कायदा १८७० चा, आणि त्यात राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कुणाला सोपवायचं नाही अशी स्पष्ट तरतूद होती. तिचा उपयोगही होत असे. १८९० मध्ये स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातल्या उठावात एका सरकारी सदस्याला गोळी घालणारा कास्तिओनी लंडनला पळून आला. त्याला सोपवायला इंग्लंडच्या न्यायालयाने नकार दिला, कारण ती हत्या उठावाचा भाग होती. तुमच्या मनात जी ‘प्रथा’ आहे ती इथली.

पण साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी न्यायचा असेल तर १८८१ चा फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स ॲक्ट लागे, आणि त्यात राजकीय गुन्ह्याचा अपवाद नव्हता. त्यामागचं तर्कशास्त्र असं: लंडन काय, मुंबई काय, राजा एकच, मग एका घरातून दुसऱ्या घरात आश्रय कसला? हिंदुस्थानी माणसासाठी या तर्काचा अर्थ फार कठोर होता. स्वित्झर्लंडच्या बंडखोराला लंडनमध्ये जे संरक्षण मिळे, ते नाशिकच्या माणसाला मिळत नव्हतं. कारण ज्या राज्याविरुद्ध त्याचं भांडण होतं, तेच राज्य त्याला ‘आपला’ म्हणत होतं. नाटकात हा विरोधाभास एखाद्या पात्राच्या तोंडी आला तर तो कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर ठरेल.

दुसरी उणीव याहून कमी बोलली जाते. प्रत्यार्पणात साधारणपणे असं बंधन असतं की ज्या आरोपासाठी माणूस मागितला, त्याच आरोपावर त्याचा खटला चालवायचा. १८८१ च्या कायद्यात हे बंधन नव्हतं. आता वॉरंटातले आरोप बघा. १९०६ च्या पूर्वार्धात हिंदुस्थानात केलेली राजद्रोही भाषणं, लंडनमधली भाषणं, युद्ध पुकारण्याचा कट, शस्त्रं मिळवून पाठवणं, जॅक्सनच्या खुनाला साहाय्य. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये लंडनला गेले आणि कलेक्टर जॅक्सनचा खून नाशिकच्या नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ ला झाला. मग चार वर्षांपूर्वीची भाषणं उकरून काढायची गरज काय होती? माझं वाचन असं की कायद्याच्या दुसऱ्या कलमाला ‘गुन्हा करून तो भाग सोडून गेलेला’ माणूस लागतो. लंडनमध्ये बसून केलेल्या कृत्याला हे वर्णन नीट बसत नाही. हिंदुस्थानच्या भूमीवर केलेल्या भाषणांना ते चपखल बसतं. एका आरोपावर पाठवणी झाली की बाकीच्यांची वाट मोकळी.

आता लंडनची कार्यपद्धती. नाटकासाठी तारखा अशा लावून ठेवा: अटक १३ मार्च १९१० ला व्हिक्टोरिया स्टेशनवर, बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटचा पाठवणीसाठी तुरुंगात ठेवण्याचा हुकूम १२ मे ला, वरच्या न्यायालयांतली झुंज जूनमध्ये, ‘मोरिया’ बोट सुटली १ जुलैला. अटक सुरुवातीला तात्पुरत्या वॉरंटावर करता येत असे, म्हणजे मूळ कागद बोटीने येईपर्यंत आरोपी हातातून निसटू नये. मॅजिस्ट्रेटला एवढंच पाहायचं असे की पुराव्यावरून गुन्ह्याचं ‘प्रबळ किंवा संभाव्य अनुमान’ निघतं का, आणि गुन्ह्याला बारा महिने सक्तमजुरी किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे का. अनुमान निघालं की तुरुंगात रवानगी. त्यानंतर पंधरा दिवस पाठवता येत नसे, कारण तेवढ्यात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद बेकायदा आहे म्हणून सुटका मागणारा, अर्ज करण्याचा हक्क होता, आणि तो हक्क मॅजिस्ट्रेटने आरोपीला सांगावा लागे.

एक नेहमीची चूक इथेच सांगतो. ‘एका महिन्यात पाठवलं नाही तर सुटका’ असं कलम त्या कायद्यात आहे, आणि १२ मे ते १ जुलै हा काळ महिन्याहून जास्त आहे. त्यावरून पाठवणीच बेकायदा होती असा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही. सुटका आपोआप होत नसे. वरच्या न्यायालयाकडे अर्ज करावा लागे आणि सरकारने उशिराचं पुरेसं कारण दाखवलं तर अर्ज फेटाळता येई. आरोपीचाच हेबियस कॉर्पस अर्ज चालू असणं याहून पुरेसं कारण कोणतं?

खरी लढाई दहाव्या कलमावर होती. गुन्हा क्षुल्लक असेल, मागणी न्यायाच्या हितासाठी प्रामाणिकपणे केलेली नसेल, किंवा अंतर, दळणवळण आणि सगळी परिस्थिती पाहता परत पाठवणं अन्यायाचं वा जुलमाचं ठरेल, तर वरचं न्यायालय माणसाला सोडू शके किंवा पाठवणी पुढे ढकलू शके. कलम ऐसपैस होतं. जुनी भाषणं आणि पुढे विशेष न्यायालयापुढे, ज्युरीशिवाय चालणारा खटला हे सगळं या चौकटीत मांडण्यासारखं होतं. तरीही हायकोर्ट आणि कोर्ट ऑफ अपील, दोन्हीकडे नकार मिळाला. मला हा या प्रकरणातला सगळ्यात दुःखद टप्पा वाटतो, कारण दार कायद्यात होतं आणि ते उघडण्याचा अधिकारही न्यायाधीशांना होता.

तुमचा दुसरा प्रश्न, जबान्यांचा. १८८१ च्या कायद्याचं एकोणतिसावं कलम सांगतं की मॅजिस्ट्रेट आरोपीच्या गैरहजेरीत साक्षीदारांच्या जबान्या घेऊ शकतो आणि त्या, किंवा त्यांच्या प्रती, रीतसर प्रमाणित असतील तर या कायद्याखालच्या कामात पुरावा म्हणून चालतात. शेवटचे शब्द महत्त्वाचे: ‘या कायद्याखालच्या कामात’. म्हणजे पाठवणीपुरतं. मुंबईत मॅजिस्ट्रेटसमोर साक्षीदार शपथेवर बोलला, इंग्रजीत लिहून घेतलं, सही-शिक्का झाला, गठ्ठा बोटीने लंडनला गेला आणि बो स्ट्रीटला वाचला गेला. साक्षीदार तिथे नाही, त्यामुळे उलटतपासणीही नाही. बचावाचा वकील फक्त कागदाशी भांडू शकतो: शिक्का बरोबर आहे का, जबानीत स्वतः पाहिलेलं किती आणि ऐकीव किती, ज्या कृत्याबद्दल सांगितलंय ते वॉरंटातल्या गुन्ह्यात बसतं का. साक्षीदार खोटं बोलतोय हे तिथे सिद्ध करायला त्याच्याकडे साधनच नाही.

म्हणून बो स्ट्रीटच्या प्रवेशात चतुर्भुज अमीनला, म्हणजे इंडिया हाउसच्या त्या स्वयंपाक्याला, पिंजऱ्यात उभं करून वकिलाने त्याला घाम फोडला, असं लिहू नका. तो तेव्हा हिंदुस्थानात होता. लंडनमध्ये त्याचं अस्तित्व कागदापुरतं होतं. रंगमंचावर रिकामा पिंजरा आणि जबानी वाचणारा कारकून दाखवलात तर ते जास्त खरं होईल, आणि माझ्या मते जास्त परिणामकारकही.

आता मुंबई. १८७२ च्या पुरावा कायद्याचं तेहेतिसावं कलम इथे आडवं येतं. आधी दिलेली साक्ष नंतरच्या खटल्यात वापरायची तर साक्षीदार मेलेला, बेपत्ता किंवा आणता न येणारा असावा लागे, आणि शिवाय आधीच्या वेळी विरुद्ध पक्षाला उलटतपासणीचा हक्क व संधी मिळालेली असावी लागे. सावरकर समोर नसताना मुंबईत झालेल्या जबानीत ती संधी कुठून येणार? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही खालच्या मॅजिस्ट्रेटसमोरची साक्ष सेशन्समध्ये पुरावा म्हणून घेण्याची सोय होती, २८८ व्या कलमात. पण तिथेही दोन अटी: ती साक्ष आरोपीच्या समक्ष झालेली हवी आणि साक्षीदार सेशन्समध्येही हजर हवा. थोडक्यात, साधा कायदा म्हणत होता की साक्षीदाराला उभं करा.

मात्र हा खटला साध्या कायद्याखाली चाललाच नाही. १९०८ च्या क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्टखाली तीन न्यायाधीशांचं विशेष पीठ बसलं: मुख्य न्यायमूर्ती सर बेसिल स्कॉट, नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन. ज्युरी नाही, अपिलाचा हक्क नाही. प्राथमिक चौकशीही मॅजिस्ट्रेटने आरोपीच्या आणि त्याच्या वकिलाच्या पाठीमागे करायची. याच कायद्याचं तेरावं कलम तुम्ही दोनदा वाचा. ते पुरावा कायद्याचं तेहेतिसावं कलम बाजूला सारतं आणि म्हणतं की साक्षीदार मेला किंवा आणता आला नाही, आणि हे आरोपीच्या फायद्यासाठी घडवलं गेलं असं मानायला न्यायालयाला कारण असेल, तर मॅजिस्ट्रेटसमोरची त्याची जबानी पुरावा ठरेल.

बंगालमध्ये साक्षीदारांचे आणि माफीच्या साक्षीदारांचे खून झाले होते. अलीपूर बाँब खटल्यातला माफीचा साक्षीदार नरेन गोसाईं याला तुरुंगातच गोळ्या घातल्या गेल्या, ते १९०८ सालच्या ऑगस्टच्या अखेरचं. त्याच वर्षाच्या शेवटी हा कायदा आला. कारण समजतं, तरी मोजमाप पटत नाही. बंद दाराआड, आरोपीला प्रश्न विचारू न देता घेतलेली जबानी साक्षीदाराच्या मृत्यूनंतर अढळ पुरावा होते. माणूस जिवंत असता तर उलटतपासणीत ती कदाचित टिकली नसती.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार होता. वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं आपल्या पेटीच्या चोरकप्प्यातून १९०९ च्या सुरुवातीला मुंबईत आणल्याचं त्याने सांगितलं. अशा साक्षीबद्दल पुरावा कायद्यात दोन तरतुदी शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. कलम १३३ म्हणतं, गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला पुष्टी नाही एवढ्याच कारणाने शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ चं ‘ब’ उदाहरण म्हणतं, महत्त्वाच्या बाबींत पुष्टी मिळाल्याशिवाय असा साथीदार विश्वासाला पात्र नाही असं न्यायालय धरू शकतं. पहिलं कायद्याचं दार, दुसरं शहाणपणाचं कुलूप. ज्युरी असेल तर न्यायाधीश तिला हे कुलूप समजावून सांगतो. ज्युरीच नसेल तर न्यायाधीश स्वतःलाच बजावतो, आणि त्याने ते किती मनावर घेतलं हे फक्त निकालपत्रातून कळतं.

पुष्टी म्हणजे काय, इथे बहुतेक लेखक घसरतात. पेटीचं उदाहरण घ्या. पेटीला खरंच खोटा तळ होता हे सिद्ध झालं, ही पुष्टी अमीनच्या गोष्टीला मिळाली. ज्याच्याकडे पिस्तूल सापडलं, त्याच्या हातात ते पोचलं याला पुष्टी मिळाली. पण ‘पेटी भरायला सावरकरांनी सांगितलं’ हा धागा या दोन्हींनी जोडला जात नाही. साथीदार स्वतः गुन्ह्यात होता, त्यामुळे गुन्हा कसा घडला हे त्याला खरंच माहीत असतं. खऱ्या तपशिलात एक नाव घुसवणं त्याला सोपं. म्हणून पुष्टी त्या-त्या आरोपीला गुन्ह्याशी बांधणारी हवी, प्रत्येकाची वेगळी. आणि ती दुसऱ्या साथीदाराकडून आलेली नसावी. दोन फुटलेली मडकी एकमेकांना टेकून उभी राहिली तरी पाणी धरत नाहीत.

आता ‘एका स्वयंपाक्याच्या साक्षीवर’ हे तुमचं वाक्य बदलावं लागेल. सरकारपक्षाकडे त्याच्याशिवायही बरंच होतं: पत्रं, छापील मजकूर, १९०९ मध्ये थोरले बंधू बाबाराव सावरकर यांच्या घराच्या झडतीत मिळालेली बाँब बनवण्याच्या माहितीची टंकलिखित प्रत, इतर साक्षी, कबुलीजबाब. २३ डिसेंबर १९१० च्या निकालात सावरकरांना दोषी धरलं ते छापील चिथावणी, शस्त्रपुरवठा आणि स्फोटकांची माहिती पसरवणं या मार्गांनी युद्धाला साहाय्य केल्याबद्दल, शिवाय कटाबद्दल. यातला शस्त्रपुरवठ्याचा भाग अमीनवर सगळ्यात जास्त टेकलेला आहे. जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याची दुसरी जन्मठेप ३० जानेवारी १९११ ची, वेगळ्या खटल्यातली. दोन्ही एकत्र करू नका.

सहआरोपींचे कबुलीजबाब हा आणखी एक खड्डा. पोलिसांसमोर दिलेली कबुली कलम २५ ने बाद. मॅजिस्ट्रेटने नोंदवलेली चालते, पण ती स्वेच्छेची आहे अशी माझी खात्री आहे, हे मॅजिस्ट्रेटचं प्रमाणपत्र खाली हवं. एका आरोपीची कबुली दुसऱ्याविरुद्ध कलम ३० खाली फक्त ‘विचारात घेता’ येते, तीही दोघांवर एकाच गुन्ह्याचा खटला एकत्र चालू असेल तर. माफीच्या साक्षीदाराला अशा कबुलीने पुरेशी पुष्टी मिळत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, भुबोनी साहू खटल्यात १९४९ मध्ये स्पष्ट केलं. १९१० ला ते इतक्या स्पष्ट शब्दांत हाताशी नव्हतं.

मूळ कागद तुमच्या हाती येतील तेव्हा आम्ही जुनी प्रकरणं जशी वाचतो तसं वाचा. प्रत्येक साक्षीदारासाठी एका ओळीत चार तारखा लिहा: अटक, पहिली कबुली किंवा जबानी, माफीचा देकार, कोर्टातली साक्ष. अटक आणि कबुली यांत बरेच दिवस पोलीस कोठडीत गेले असतील तर कबुली संशयास्पद. माफीनंतर जबानीत नवीन नावं आली असतील तर ती वेगळ्या शाईने लिहा. माफी मिळालेल्याने काही लपवलं किंवा खोटं सांगितलं तर त्याची माफी रद्द होऊन त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला भरता येतो. म्हणजे पहिल्या जबानीपासून हलायला तो घाबरतो. तो ठाम राहिला याचा अर्थ खरं बोलला असा होत नाही.

मग भाषा पाहा. साक्षीदार मराठी किंवा गुजराती बोलला आणि नोंद इंग्रजीत झाली असेल, तर ‘मला सांगितलं’, ‘मला वाटलं’ आणि ‘मी पाहिलं’ यांतला फरक पुसला जाण्याची शक्यता असते. जबानी वाचून दाखवली आणि बरोबर असल्याचं कबूल केलं, हा शेरा आहे का ते तपासा. पिस्तुलाबाबत पंचनाम्यात कारखान्याचा क्रमांक नोंदला आहे का तेही. नसेल तर ‘हेच ते पिस्तूल’ हे वाक्य पुन्हा साक्षीदाराच्या शब्दावर येतं.

मार्सेय बंदरातल्या पलायनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नाटकात ते येणारच. तिथे मात्र खरोखर दोन राज्यांचा प्रश्न होता. ८ जुलै १९१० ला सावरकर बोटीतून निसटून फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोचले, फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिश पहाऱ्याच्या हवाली केलं. प्रत्यार्पणाची कोणतीही प्रक्रिया झाली नाही. बचावपक्षाने मुंबईत हा आक्षेप घेतला तेव्हा न्यायालयाचं म्हणणं पडलं की आरोपी देशात आहे आणि रीतसर समोर आणला आहे, तो कसा आणला गेला याने अधिकारक्षेत्र जात नाही. हा जुना इंग्रजी नियम होता, १८२९ च्या स्कॉट प्रकरणापासूनचा. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला मान्य केलं की हवाली करण्यात अनियमितता झाली, तरी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. तारीख लक्षात घ्या: दोन्ही शिक्षा तोवर होऊन गेल्या होत्या. लवादासमोर प्रश्न फ्रान्सच्या हक्काचा होता. सावरकर तिथे पक्षकारच नव्हते, त्यामुळे ‘हेगमध्ये सावरकर हरले’ हा संवाद असेल तर काढा.

एका गोष्टीचं उत्तर तुमच्या कथानकावर अवलंबून आहे. तुमचं काल्पनिक पात्र नाशिकहून लंडनला न जाता बडोदा किंवा ग्वाल्हेरसारख्या संस्थानात पळालं, तर वर सांगितलेला लंडनहून पाठवणीचा हिशेब लागू होणार नाही. तिथे संस्थानाशी असलेले करार, १९०३ चा इंडियन एक्स्ट्राडिशन ॲक्ट आणि रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंटचं वजन यांवर काम चाले. पाँडिचेरीला गेलं तर तो फ्रेंच मुलूख, म्हणजे पुन्हा वेगळा हिशेब. तेव्हा आधी पात्राचा शेवटचा मुक्काम ठरवा, कलमं नंतर शोधा.

१८८१ चा कायदा पुढे किती काळ चालला असंही तुमच्या टिपणात होतं. भारतात तो प्रजासत्ताक झाल्यावर लागू राहिला नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मेनन खटल्यात ठरवलं. सिंगापूरने एका दांपत्याची मागणी केली होती, ती अडली. आपला स्वतःचा प्रत्यार्पण कायदा १९६२ चा, आणि त्यात राजकीय गुन्ह्याचा अपवाद आहे. इंग्लंडमध्ये तर १९६३ मध्ये नायजेरियाचे विरोधी नेते एनाहोरो यांना याच १८८१ च्या कायद्याखाली परत पाठवलं गेलं. ‘प्रबळ किंवा संभाव्य अनुमान’ म्हणजे नुसत्या सकृद्दर्शनी पुराव्याहून जास्त काहीतरी, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हटलं ते १९६६ मध्ये, घानाच्या आर्मा यांच्या प्रकरणात. सावरकरांच्या पाठवणीनंतर छप्पन्न वर्षांनी.